पापनाशमपर्यंत धुराविना

हायड्रोजन जळला की पाणी होतं. हे वाक्य मी शाळेत वीसेक वर्षं शिकवलं. मुली ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात, आणि त्यात वावगं काही नाही. ते ऐकून गप्प झालेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे वडील.

मासी, म्हणजे माघ-फाल्गुनातल्या तमिळ महिन्यातला उत्सव होता. कुंभकोणमच्या महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर माणूस मावत नव्हता. आई देवळातून येईपर्यंत अप्पा आणि मी तळ्याच्या कोपऱ्यावर उभे होतो. शेजारी एक फुगेवाला बसला होता. त्याच्यापुढं लोखंडी नळकांडं. त्यात तो कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतायचा, अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे टाकायचा आणि झाकण घट्ट फिरवायचा. जरा वेळानं नळकांडं तापायचं आणि तोंडाला लावलेला फुगा आपोआप फुगायचा. एखाद्या पोराच्या हातून दोरा सुटला की फुगा गोपुरावरच्या मूर्तींसमोरून सावकाश वर जायचा, जणू एकेकीची ओळख करून घेतोय.

आत काय होतं, असं अप्पांनी विचारलं. मी नुकतीच रसायनशास्त्र शिकवायला लागले होते आणि कोणी विचारलं की सांगायची हौस होती. म्हटलं, हायड्रोजन होतो. सगळ्यात हलका. पेटतो, आणि पेटला की पाणी होतं.

"आणि धूर?"

"धूर नाही. काळं व्हायला त्यात कोळसा कुठला?"

अप्पा वर बघत राहिले. आई आली, तिनं प्रसाद हातावर ठेवला, तरी त्यांचं तोंड वरच.

अप्पांना धुराची चौकशी करायचं कारण होतं. त्यांची उमर लॉऱ्यांखाली गेली होती. दारासुरम्‌च्या रस्त्याला, विणकरांच्या घरांच्या अलीकडं, आमची पत्र्याची शेड होती. तिथं ते डिझेल इंजिनं दुरुस्त करत. आमची स्वतःची एक जुनी लॉरी होती, ती अप्पांचे धाकटे भाऊ, माझे काका, चालवत. आडुतुरैकडचं भात गिरण्यांवर पोचवायचं, हे तिचं काम. आमचं घराणं तंजावरच्या मराठ्यांबरोबर इकडं आलेलं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. अप्पा इंजिनाशी तमिळमध्ये बोलत आणि ते ऐकेनासं झालं की मराठीत रागावत.

त्या वर्षी त्यांच्या खोकल्यात काळं पडायला लागलं. डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला आणि सांगितलं की आता इंजिनाच्या धुरात उभं राहायचं नाही, एक दिवसही नाही. मग काकांनी घरी येऊन सरळ बोलणं केलं. विजयादशमीनंतर दुरुस्तीचं काम बंद. शेड रिकामी करून ते तिथं भाताची पोती रचणार. काका वाईट माणूस नव्हते. शेड पावसात गळत नव्हती आणि पोत्यांना जागा नव्हती, एवढंच.

शेड गेली तर अप्पांनी दिवसभर करायचं काय, हा प्रश्न कोणी बोलून दाखवला नाही. मला तो रोज सकाळी दिसायचा. न्याहारी झाली की ते पान्यांची पिशवी उचलायचे, दाराशी जायचे, खोकल्यानं थांबायचे, आणि पुन्हा शेडकडं निघायचे.

चैत्र-वैशाखात शेडच्या मागच्या बाजूला एक लोखंडी पिंप उभं राहिलं. फुगेवाल्याच्या नळकांड्याचा हा थोरला भाऊ. आत सोड्याचं पाणी, वरून साखळीला लोंबकळणारी तारेची टोपली, टोपलीत अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे. टोपली खाली सोडली की गॅस तयार होणार, वर ओढली की थांबणार. तो गॅस पाण्याच्या जाड बाटलीतून बुडबुडत पुढं जायचा, म्हणजे इंजिनाकडून जाळ उलटा आलाच तर पाण्यात विझावा. मग रबरी नळी, मग पितळी तोटी, मग इंजिनाचा हवा ओढणारा पाइप. झाकणावर एक भोक होतं आणि त्यावर बेअरिंगमधली एक गोळी नुसती ठेवलेली. आत दाब वाढला की गोळी उचलली जाऊन गॅस वर निघून जाणार. भातावरचं झाकण उचललं जातं, तसं. ही गोळी अप्पांनी स्वतःच्या डोक्यानं काढली होती आणि तिचा त्यांना सगळ्यात अभिमान होता.

लॉरी डिझेलवरच चालायची होती. हायड्रोजन नुसता हवेबरोबर जायचा, त्यामुळं डिझेल तेवढं कमी जळणार आणि धूरही कमी. मी कागद घेऊन हिशेब मांडला. दोन किलो अ‍ॅल्युमिनियम विरघळवलं तर एका लिटर डिझेलचंही काम होत नाही. शिवाय ते अ‍ॅल्युमिनियम बनवायला कुठंतरी वीज गेलेलीच असते. कागद अप्पांपुढं ठेवून मी म्हटलं की आडुतुरैला रोज जायचं तर दर आठवड्याला एका लग्नघराची भांडी लागतील.

अप्पांनी कागद नीट वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"हिशेब बरोबर आहे तुझा," ते म्हणाले. "मला रोज जायचं नाही. एकदा जायचंय."

काकांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "अण्णा, फुग्यावर चालणारी लॉरी उडाली तर खाली दोरा धरायला माणूस ठेवा." पण थोरल्या भावाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी एक अट घातली. विजयादशमीला शेडपासून पापनाशम्‌पर्यंत जायचं, धुराच्या नळीच्या तोंडापुढं पांढरं फडकं बांधून. पापनाशम्‌ला फडकं पांढरं निघालं तर शेडमध्ये पोती येणार नाहीत. काळं निघालं तर दुसऱ्या दिवशी येतील. आईनं अप्पांच्या जुन्या वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, एक चौकोन फाडून दिला. ते फडकं चार महिने देवघराच्या कोनाड्यात होतं.

आयुधपूजेला, म्हणजे विजयादशमीच्या आदल्या दिवशी, आमच्याकडं हत्यारांना सुट्टी असते. पाना, हातोडा, विळी, माझी खडूची पेटीसुद्धा, सगळं धुऊन पुसून देवापुढं मांडायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. लॉरी तर त्या दिवशी नवरीच असते. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. आई पहाटेपासून सहाणेवर चंदन उगाळत होती. वाटीभर झालं तशी ती शेडमध्ये आली आणि लॉरीला, जॅकला, व्हाइसला, पान्यांच्या पेटीला, एकेकाला ठसठशीत गंध लावून वर कुंकू टेकवत गेली. पिंपापाशी आली. पिंपाला कपाळ कुठलं? झाकणावर मधोमध एक चकचकीत गोळी दिसली. आईनं तिथं चांगलं अंगठाभर चंदन थापलं.

आम्ही सगळे तिथंच होतो. मी चुरमुरे आणि डाळ्यांची परात धरून उभी होते आणि पाहत होते. मला ते सुंदर दिसलं, एवढंच आठवतं. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आल्या होत्या, त्यांत धुपाचा धूर रेंगाळत होता, पलीकडून विणकरांच्या मागांचा आवाज येत नव्हता, कारण मागांनाही सुट्टी होती. अशा शांततेत माणसाचं डोकं चालत नाही. माझंही चाललं नाही.

आदल्या दिवशी अप्पांनी टोपली भरून पाहिली होती आणि वर ओढून ठेवली होती. तिच्यातून काही तुकडे तळाशी पडले होते आणि गुपचूप विरघळत होते. एरवी तो गॅस गोळीखालून निघून गेला असता. चंदन तासाभरात वाळलं आणि गोळी भोकाला चिकटली. तोटी बंद. गॅसनं मग नळीचा सांधा शोधला. तो सांधा लॉरीच्या बॉनेटपाशी होता आणि बॉनेटपुढं काका कापराची आरती ओवाळत होते.

फट्‌ असा एक आवाज झाला, ओला फटाका उडावा तसा. बस्स. जाळ नाही, धूर नाही. अप्पांनी नळीला काय झालं म्हणून हात पुढं केला आणि ओरडून मागं घेतला. तळहातावर फोड उठत होते, आणि हाताशी काहीच पेटलेलं नव्हतं.

हायड्रोजनचा जाळ उन्हात दिसत नाही. हेही मी वर्गात शिकवत होते. सांध्यापुढची हवा तेवढी थरथरत होती, मे महिन्यात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी, आणि त्या थरथरीतून पलीकडची झेंडूची माळ पाण्यात पडल्यासारखी हलत होती. मी सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं, कोपऱ्यातली खराट्याची झाडू उचलली आणि तिचं टोक पुढं धरून एकेक पाऊल सरकले. एका जागी काड्या आपोआप पेटल्या. रिकाम्या हवेत. मला भीती वाटायला हवी होती. पण मला झोपेत चालल्यासारखं वाटत होतं, आणि जे दिसत होतं ते बरंच वाटत होतं.

जाळ कुठं आहे ते कळलं, तशी झाडू पाण्याच्या टाकीत बुडवली, पिंपाच्या मागच्या बाजूनं गेले आणि केसांतला आकडा काढून वाळलेलं चंदन खरवडलं. गोळी टणकन उडाली, गॅस सुस्कारा टाकून पत्र्याकडं गेला, आणि सांध्यापुढची हवा स्थिर झाली. माळही हलायची थांबली.

अप्पांचा हात मी टाकीच्या पाण्यात धरून ठेवला. काका म्हणाले की आता हे पुरे, उद्या पोती आणतो. काय झालं, कसं झालं, असं ते विचारत राहिले. उडालेली गोळी उचलून मी मुठीत धरली होती. मूठ उघडली तर तिच्यावर पिवळं चंदन आणि कुंकवाचा ठिपका, अर्धा शाबूत. आईनं तो पाहिला. तिचा चेहरा मी इथं लिहीत नाही.

अप्पांनीही पाहिला. ते काकांना म्हणाले, "तोटी उघडी ठेवायला हवी होती. माझीच चूक. उद्या जायचं ठरलंय, उद्या जाऊ. माझ्या हातानं स्टिअरिंग धरवणार नाही, तू चालव."

काकांनी त्यांच्या हाताकडं पाहून मान डोलावली.

विजयादशमीला सकाळी काकांनी स्वतः ते फडकं धुराच्या नळीपुढं तारेच्या कड्यात ताणून बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. अप्पा त्यांच्या शेजारी बसायला गेले तर तिथं आई. नऊवारी नेसलेली, मांडीवर दहीभाताचा डबा. लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि ती एकदाही लॉरीत चढली नव्हती. काकांनी विचारलं, "वैनी, तुम्ही कुठं?" ती म्हणाली, "पापनाशम्‌ला." जणू रोज जाते. अप्पा तिच्या पलीकडं दाराशी बसले.

मी मागं, लॉरीत चढवून बांधलेल्या पिंपापाशी. साखळी माझ्या हातात. गोळी धुऊन भोकावर ठेवलेली, आणि कोणी जवळ येऊ नये म्हणून मी स्वतः जागता पहारा. काकांनी इंजिन सुरू केलं. मी टोपली खाली सोडली. बाटलीत बुडबुडे चढायला लागले, आधी एकेक, मग भाताच्या अधणासारखे.

तो प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा असेल. माझ्या आठवणीत तो फार लांब आहे. दोन्ही बाजूंना रोपं लावलेली शेतं, त्यांत आभाळ. नारळीच्या सावल्या लॉरीच्या फळ्यांवरून माझ्या मांडीवर आणि मांडीवरून पिंपावर जात होत्या. पिंप तापलं होतं, आतून सतत एक बारीक सळसळ येत होती. इंजिनाचा आवाज जरा वेगळा, दातांत काही धरून बोलल्यासारखा. मी मागं पाहिलं. लहानपणापासून लॉरीच्या मागं मी बसत आले होते आणि मागं नेहमी एक काळा पडदा असायचा, त्यातून माणसं खोकत बाहेर पडायची. त्या दिवशी रस्ता दिसत होता. सायकलवरचा एक माणूस बराच वेळ आमच्यामागं होता, त्याच्या हँडलला केळीची पानं बांधलेली. त्यानं नाकाला पंचा लावला नव्हता. तो आपल्याच तंद्रीत काही गुणगुणत होता. कितीतरी वेळ तो, मी आणि मधला रस्ता. आम्ही तिघंही कुठं जात नाही, शेतंच मागं चालली आहेत, असं वाटत होतं.

पण मी शिक्षिका आहे, म्हणून हेही सांगते. लॉरी रिकामी होती. रस्ता सपाट होता. आणि अप्पांनी आठवडाभर खपून इंजिनात डिझेल फवारणारे नोझल साफ केले होते. त्यातलं हायड्रोजनचं किती आणि नोझलचं किती, हे मला तेव्हा मोजता आलं नाही. पापनाशम्‌च्या अलीकडं बुडबुडे मंदावले, टोपली वर ओढली तर ती जवळजवळ रिकामी होती.

गावाच्या तोंडाशी, पाटाच्या कडेला, काकांनी लॉरी उभी केली. समोर कॉफीचं हॉटेल होतं. काका म्हणाले, आधी कॉफी, मग निकाल. अप्पा खाली उतरले आणि खोकल्यानं तिथंच मैलाच्या दगडावर बसले. मी टोपलीची साखळी बांधत होते. म्हणून आई केव्हा उतरली ते आम्हा कोणालाच कळलं नाही. मी खाली वाकून पाहिलं तेव्हा ती पाटाच्या पायरीवर उकिडवी बसून काहीतरी खसाखसा धूत होती.

काका कॉफी पिऊन आले. तारेचं कडं रिकामं. आई वर आली, फडकं दोन्ही हातांनी झटकलं आणि लॉरीच्या फळीवर वाळत घातलं. पांढरंशुभ्र. त्यातून पाणी ठिबकत होतं.

काका आधी हसले, मग चिडले. "वैनी, हे काय केलंत? आता मला काय कळणार?"

"सोवळ्यातलं फडकं," आई म्हणाली. "चार महिने देवापाशी होतं. तसंच कसं घरात नेऊ?"

"पण होतं कसं ते? पांढरं होतं की काळं?"

"पांढरं होतं."

आई खोटं बोलत नसे. आमच्या घरात हे दिवस-रात्रीइतकंच गृहीत धरलेलं होतं. शेजारपाजारचे लोक भांडण मिटवायला तिला साक्षीला बोलावत. काकांनी तिच्याकडं पाहिलं, अप्पांच्या बांधलेल्या हाताकडं पाहिलं, मग म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे असेल." आणि लॉरीत जाऊन बसले. येताना टोपली रिकामी होती. मागं काळा पडदा पुन्हा आला.

शेडमध्ये पोती आली नाहीत. काकांनी पोत्यांसाठी गिरणीशेजारी जागा पाहिली. अप्पांनी इंजिनं बंद केली, डॉक्टरांचा शब्द पाळला. शेडमध्ये ते हातपंप, सायकली, माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेतली स्टँडं असलं काहीबाही दुरुस्त करत. पिंप त्यांनी पुन्हा चालवलं नाही. एकदा जायचं होतं, ते गेले होते.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत कधीतरी पेपरात बातमी आली की परदेशात हायड्रोजनवर बस चालवून पाहताहेत आणि तिच्या नळीतून पाणी ठिबकतं. मी ती शेडमध्ये जाऊन वाचून दाखवली. अप्पांनी एकच विचारलं, की ते हायड्रोजन कशापासून काढतात. मी म्हटलं, बहुतेक ठिकाणी जमिनीतल्या गॅसपासून.

"मग धूर दुसऱ्या गावात निघतो," ते म्हणाले, आणि पंपाचं वॉशर बसवायला लागले. जरा वेळानं म्हणाले, "पाण्यापासून काढतील. उन्हाची वीज घेऊन. वेळ लागेल." खोकला आला, तो थांबेपर्यंत मी पेपराची घडी घातली.

अप्पा गेल्यावर पहिल्या आयुधपूजेला आईनं चंदन उगाळलं. वाटी घेऊन आम्ही दोघी शेडमध्ये गेलो. पिंप अजून तिथंच होतं. झाकणावरची गोळी मी धुऊन ठेवली होती. आईनं पिंपाच्या पोटाला, अगदी खाली, एक लहानसं गंध लावलं. मग तिथंच बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"मी ते पाहिलं नव्हतं गं."

"काय?"

"फडकं. गाठ सोडली, मूठ आवळली आणि तशीच पाण्यात घातली. डोळे मिटून धुतलं. काळं दिसलं असतं तर मला पांढरं म्हणता आलं नसतं."

आई वाटीतलं उरलेलं चंदन बोटानं गोळा करत होती. मी पाटाचं पाणी आठवत होते. मी वाकून पाहिलं तेव्हा तिच्या हातांखालून पाणी वाहत होतं, आणि त्यात नारळीच्या सावल्या होत्या, काळ्या, लांब, वाहून न जाणाऱ्या. त्यांच्यात आणखी काही काळं मिसळलं होतं की नाही, हे त्या वेळी नीट पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही. मला वाटलं, फडकं आहे, धुतेय.